काचपेटींतील मासे

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट मागें टाकून साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेते आणि सांगलीपासून जवळच हरिपुरास वारणेशीं मिळते. ह्या वाटेवर राहणाऱ्या लोकांना मासा ही नवलाची वस्तु कधींच नव्हती. घाटाच्या पायरीवर बसून चुरमुऱ्यांची मूठ पाण्यांत टाकली कीं मासे वर येत. मुलें टाळ्या पिटीत, म्हातारीं माणसें हात जोडीत. मासा घरीं आणून काचेंत ठेवावा, त्याच्यावर दिवा लावावा आणि त्याच्यासाठीं अहोरात्र यंत्र चालू ठेवावें ही कल्पना मात्र ह्या नदीकांठची नव्हे. ती दूरच्या थंड देशांतून आली. आज सातारा व सांगली येथील दुकानांतून ‘ऑल-इन-वन’ फिश टँक ह्या नांवानें जी पेटी मांडलेली दिसते, जिच्यांत काच, दिवा, पंप व फिल्टर हीं सर्व एकत्र जोडलेलीं असतात, तिची वंशावळ ठाऊक असली म्हणजे ती निवडतांना नवशिक्याची फसगत थोडी कमी होते.

मासे पाहण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. आजचा सातारा-सांगलीचा मुलूख त्या वेळीं ह्याच घराण्याच्या छत्राखालीं होता. राजानें मन कसें रमवावें हें सांगतांना ग्रंथकारानें मत्स्यविनोदाचें एक स्वतंत्र प्रकरण घातलें असून माशांच्या जाती, त्यांचें खाद्य आणि गळाची रीत ह्यांचें वर्णन त्यांत केलें आहे. दुसरीकडे धर्मबुद्धीनें राखलेले मासेहि होतेच. देहूस इंद्रायणीच्या डोहांतील मासे, रायगड जिल्ह्यांत वाळणकोंडीचे मासे हे देवाचे म्हणून कोणी धरीत नसे. ह्या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच होती. माणूस खाऊं घाली, पाही, फार तर धरी. पण पाणी शुद्ध राखण्याचें काम त्याच्याकडे नव्हतें. तें नदी करीत असे, आणि ती तें करीत आहे ह्याची जाणीवहि कोणाला नव्हती.

ह्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय मोजदाद प्रथम केली ती कर्नल सायक्स ह्यांनीं. मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची आंकडेवारी गोळा करीत ते १८२४ ते १८३१ पर्यंत ह्या प्रांतीं हिंडले, आणि दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध १८३९ सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज गादीवरून दूर झाले तेंच हें वर्ष. सायक्स ह्यांनीं एक चांगली गोष्ट केली. नव्या माशांना नांवें देतांना त्यांनीं पुष्कळदां कोळ्यांच्या तोंडचे मराठी शब्दच उचलले आणि त्यांस लॅटिनच्या पंगतीला बसविलें. खुद्री, कोलस, शिंगटी, बळुकी, नुक्ता असे त्यांच्या कानावर जसे पडले तसे हे शब्द आजहि जगाच्या मत्स्यशास्त्रांत उभे आहेत. साताऱ्या-सांगलीचा मुलगा दुकानांत जाऊन दक्षिण अमेरिकेंतील माशांचीं नांवें घडाघड म्हणतो आणि आपल्या नदींतला शिंगटी त्याला ओळखतां येत नाहीं. पण तो दोष एकट्या मुलाचा नव्हे.

काचपेटीचा खरा जन्म मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन शहरांत झाला. इंग्लंडांत काचेवर जबर कर होता. तो १८४५ सालीं उठला आणि काच स्वस्त झाली. पुढें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या एका रसायनशास्त्रज्ञानें बारा गॅलनांच्या काचपात्रांत दोन लहान गोल्डफिश सोडले, आणि तळाशीं माती व वाळू घालून व्हॅलिस्नेरिया नांवाची, फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लावली. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडते हें प्रीस्टली व इंगेनहाऊस ह्यांनीं अठराव्या शतकांतच दाखविलें होतें. तेव्हां माशांना श्वास मिळेल हें उघड होतें. तरीहि पाणी बिघडलें. झाडाचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, काचेवर हिरवी बुरशी चढली. वॉरिंग्टननें मग पांच-सहा पाणगोगलगायी आंत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, काच चाटून स्वच्छ केली, आणि पाणी निवळलें. मासा, वनस्पति आणि गोगलगाय असा तिघांचा संसार जमला. हा वृत्तांत त्यानें १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें वाचला. व्हॅलिस्नेरिया हिंदुस्थानांतल्या संथ पाण्यांतहि वाढते. परंतु कृष्णेकांठच्या बहुतेक नव्या पेट्यांत आज तिच्या जागीं प्लॅस्टिकचें झुडूप उभें असतें.

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप गॉस ह्याचें पुस्तक निघालें आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर झाला. मग विलायतेंत ह्या पेट्यांचें असें वेड पसरलें कीं दिवाणखान्यांत पेटी नाहीं तो गृहस्थच नव्हे. थोड्याच वर्षांत तें ओसरलें. कारण साधें होतें. वॉरिंग्टनचा तोल सांभाळण्याचें धैर्य सर्वांस नव्हतें. लोकांनीं पेटी लहान घेतली, मासे पुष्कळ घातले, पाण्याला घाण सुटली आणि मासे मेले. पेटी अडगळींत गेली. आजच्या नवशिक्याचा पहिला महिना ह्याहून फारसा निराळा नसतो.

मासे मरण्याचें कारण पुढच्या पिढीला कळलें. माशाच्या श्वासांतून व विष्ठेंतून अमोनिया निघतो, आणि तो माशाला विष आहे. श्लोझिंग आणि म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें कीं अमोनियाचें नायट्रेट होणें हें सजीवांचें कार्य आहे, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्यानें ते जीवाणु वेगळे काढून दाखविले. एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी त्याचें नायट्रेट करते. नायट्रेट थोड्या प्रमाणांत माशाला सोसतें आणि वनस्पतीला खत म्हणून उपयोगी पडतें. नदीच्या तळचा प्रत्येक दगड ह्या जीवाणूंनीं माखलेला असतो. काचपेटींतला फिल्टर म्हणजे ह्या दगडांची बदली. कचरा अडविणें हें त्याचें दुय्यम काम होय. जीवाणूंना राहावयास घर देणें आणि त्या घरांतून प्राणवायूनें युक्त पाणी सतत फिरवीत ठेवणें हेंच त्याचें मुख्य काम. दुकानांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

हिंदुस्थानांत लोकांसाठीं मत्स्यालय प्रथम उघडलें तें मद्रासच्या समुद्रकांठीं, १९०९ सालीं. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें खुलें झालें. त्याच्या आठ लाखांच्या खर्चांतले दोन लाख तारापोरवाला ह्यांच्या देणगीचे होते. घाटावरच्या शाळांच्या सहली मुंबईस जात त्यांच्या कार्यक्रमांत राणीची बाग, गेटवे आणि हें मत्स्यालय ठरलेलें असे. पण घरोघर ओळखीचा झालेला पहिला परदेशी मासा ह्या वाटेनें आला नाहीं. तो हिंवतापाच्या मागून आला. गप्पी हा दक्षिण अमेरिकेकडचा बोटाच्या पेराएवढा मासा डांसांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या देशांत आणला गेला, आणि पुढें आरोग्य खात्यानें तो विहिरींत, हौदांत व डबक्यांत सोडला. साताऱ्या-सांगलीच्या किती तरी मुलांनीं पहिला मासा पाळला तो असा, हौदांतून वाटींत धरून मुरंब्याच्या बरणींत ठेवलेला.

आतां ह्या दोन जिल्ह्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणभाग वेगळा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. तोंपर्यंत ह्या मुलखाचा मोठा भाग एकाच जिल्ह्याखालीं व त्यांत विखुरलेल्या संस्थानांखालीं होता. त्या मुलखांत कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं १९१६ सालीं काचेचा कारखाना काढला; त्या जागेला ओगलेवाडी नांव पडलें. औंध संस्थानांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथें नांगरापाठोपाठ पाण्याचे पंप होऊं लागले. १९६० नंतरच्या दशकांत कोयनेच्या धरणानें वीज दिली. काच, पंप, वीज आणि नदी, काचपेटीला लागणारें सर्व साहित्य पन्नास कोसांच्या आंत होतें. तें एकत्र जोडून मासे ठेवण्याची पेटी करावी असें येथें कोणाला सुचलें नाहीं, आणि त्यांत कांहीं चुकलें असेंहि नाहीं. त्या पिढीला त्याहून निकडीचीं कामें होतीं.

ओगलेवाडीच्या कारखान्यानें मात्र एक वस्तु अशी केली कीं तिच्यावरून काचपेटीची परीक्षा करावी. ती म्हणजे प्रभाकर कंदील. कंदील हाहि ‘सर्व एकत्र’ अशाच जातीचा. तेलाची टांकी, वात, हवेच्या वाटा, काच, मूठ, सगळें एका सांगाड्यांत. परंतु काच तडकली तर आठवड्याच्या बाजारांत दुसरी मिळे. वात संपली तर दोन पैशांची वात घालून तोच कंदील पुन्हां पेटे. हवेची भोंकें काजळीनें बुजलीं तर घरच्या बाईला तीं फडक्यानें पुसतां येत. सगळें एकत्र असूनहि प्रत्येक भाग वेगळा करतां येत होता, आणि म्हणून तो कंदील वर्षानुवर्षें टिकला. कारखाना पुढें बंद पडला. कंदील मात्र माळ्यावर अजून सांपडतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिलिकोनच्या डिंकानें काचेला काच चिकटवितां येऊं लागली, लोखंडी चौकट गेली, आणि मग झांकणांत दिवा व पाठीमागच्या कप्प्यांत पंप-फिल्टर दडविलेल्या सुबक पेट्या निघाल्या. सोय मोठीच. पण जें दडविलें आहे तेंच पाहून पेटी घ्यावयास हवी, आणि नवशिका नेमका दर्शनी भाग पाहतो.

पहिली गोष्ट पाण्याची. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या देखण्या पेटींत जेमतेम दहा लिटर पाणी बसतें. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा पेटींत काठोकाठ चोपन्न लिटर बसतें. अन्नाचे चार दाणे जास्त पडले तर चोपन्न लिटरांत तो अमोनिया पसरून सौम्य होतो. दहा लिटरांत तोच जीव घेतो. लोक समजतात कीं नवशिक्यानें लहान पेटीपासून आरंभ करावा. खरें पाहतां लहान पेटी ही मुरलेल्याच्या हातीं शोभते, आणि गोल काचगोळा कोणाच्याच नाहीं. मात्र एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वाळू, काच धरून साठ सेंटिमीटरची पेटी सत्तर किलोंच्या घरांत जाते, म्हणून ती डुगडुगत्या टेबलावर ठेवूं नये.

दुसरी गोष्ट फिल्टरची. झांकण उघडून पाठीमागचा कप्पा पाहावा. त्यांत स्पंज व सच्छिद्र चिनी मातीचीं कडीं ठेवण्यास पुरेशी जागा असेल तर उत्तम. दर महिन्यास फेकून नवी घालावयाची कापडी पिशवी हेंच सर्वस्व असेल तर ती पेटी टाळावी, कारण पिशवीबरोबर त्यांतील जीवाणूंची वस्तीहि उकिरड्यावर जाते आणि पेटी पुन्हां पहिल्या दिवसावर येते. स्पंजसुद्धां नळाखालीं धुवूं नये. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्याच जीवाणूंना मारतें. पेटींतलेंच पाणी बादलींत काढून त्यांत तो दाबून घ्यावा.

तिसरी गोष्ट कंदिलाची. दुकानदाराला एकच विचारावें: हा पंप जळाला तर ह्या जागीं दुसरा कोणता बसेल? दिवा गेला तर झांकण सगळें बदलावें लागेल काय? कांहीं पेट्यांचे पंप इतक्या विशिष्ट आकाराचे असतात कीं त्यांच्या जोडीचा पंप साताऱ्यांत नाहीं, सांगलींत नाहीं, पुण्याहून मागवावा तर आठ दिवस जातात. आणि मासे आठ दिवस थांबत नाहींत. साधा, बाजारांत सर्वत्र मिळणारा पंप ज्या कप्प्यांत बसतो ती पेटी थोडी ओबडधोबड दिसली तरी घ्यावी.

ह्यापुढें हवामान. ह्या पेट्यांची घडण मुळांत थंड देशांतल्या घरांसाठीं झालेली आहे, म्हणून पाणी तापविणाऱ्या हीटरची त्यांच्या जाहिरातींत मोठी प्रौढी असते. साताऱ्यास, वाईस हिंवाळ्याच्या कडाक्यांत त्याचा उपयोग होतो. सांगलीस फार थोडे दिवस. सांगलीचा खरा शत्रु एप्रिल-मे महिन्यांतला उन्हाळा. वीस अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो. तीस अंशांला तो साडेसातांवर येतो, आणि नेमका तेव्हांच माशाला तो अधिक हवा असतो. घट्ट बसणारें सुंदर झांकण अशा वेळीं घातक होतें. हरिपुरास हळद जमिनींतल्या पेवांत वर्षानुवर्षें राहत असे, कारण तेथें हवा पोंचत नसे. पेवाचा जो गुण तोच पेटीचा दोष. झांकणाला जाळी असावी किंवा तें उचलून ठेवतां यावें, आणि फिल्टरचें पाणी परततांना पृष्ठभाग हलता राहावा.

विजेचा भरंवसाहि धरून चालूं नये. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें भारनियमनाचे तासन्‌तास ह्या जिल्ह्यांनीं सोसले आहेत, आणि वादळांत तारा तुटणें अजून संपलेलें नाहीं. बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप पेटीसोबतच घेऊन ठेवावा. किंमत थोडी, उपयोग मोठा. पाण्याचेंहि तसेंच. कासच्या जांभ्या दगडाच्या पठारावरून साताऱ्यास येणारें पाणी आणि जत-आटपाडीकडचें विंधनविहिरीचें जड पाणी ह्यांत पुष्कळ अंतर आहे. जड पाण्यांत गप्पी, मोली हीं पिलें देणारीं कुळें सुखानें नांदतात. त्यांत मऊ पाण्याचे नाजूक मासे घालून हळहळण्यांत अर्थ नाहीं. नळाचें पाणी एक रात्र उघड्या बादलींत ठेवलें म्हणजे त्यांतलें क्लोरीन बहुतेक उडून जातें.

एवढें करून पेटी घरीं आली, भरली, दिवा लागला, कीं त्याच संध्याकाळीं घरांतलीं मुलें मासे मागतात. येथेंच बहुतेक पेट्या बिघडतात. जीवाणूंची वस्ती उभी राहण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. त्या अवधींत पंप चालू ठेवावा, वनस्पति लावावी, चिमूटभर खाद्य टाकीत जावें, आणि अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब मिळतात त्यांनीं पाणी पाहत असावें. दोन्हीं शून्यावर आलीं कीं तीन-चार गप्पी सोडावे, आणखी पंधरा दिवसांनीं पुढचे. ओळखीच्या एखाद्या जुन्या पेटींतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो. दह्याला विरजण लागतें तसाच हा प्रकार. दर आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदलावें. नदी क्षणोक्षणीं जें करते तें माणसानें आठवड्यांतून एकदां तरी करावें लागतें, आणि कोणतेंहि यंत्र त्यांतून सोडवीत नाहीं.

एक मासा मात्र घेऊं नये. पेटी साफ करणारा म्हणून काळा, चिलखती अंगाचा ‘सकर’ दुकानदार अगत्यानें पुढें करतो. बोटभर असतांना तो काच चाटतो. वाढतां वाढतां हातभर होतो, आणि मग घरचीं माणसें त्याला दया म्हणून नदींत सोडून येतात. ही दया नदीला महाग पडते. कृष्णेच्या खालच्या अंगास, आंध्रांत, कोळ्यांच्या जाळ्यांत हेच मासे सांपडूं लागले असून जाळीं फाटतात आणि देशी मासा दुर्मिळ होतो. पेटी नकोशी झाली तर मासे दुकानांत परत द्यावे, शेजाऱ्यास द्यावे. घाटावर नेऊं नयेत. पेटी नदीकांठच्या तळमजल्यावर ठेवूं नये ह्याचेंहि एक कारण हेंच आहे. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर चढली तेव्हां गल्ल्यागल्ल्यांतून पाणी घरांत शिरलें, आणि पूर ज्या घरांत शिरतो तेथील पेटींत जें असेल तें तो बरोबर घेऊन जातो.

सायक्स ह्यांच्या यादींतला नुक्ता, डोक्याच्या पुढच्या भागीं विलक्षण उंचवटा असलेला, फक्त कृष्णेच्या खोऱ्यांतलाच मासा, आज जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहे. तो कोणत्याहि काचपेटींत मावत नाहीं. त्याला वाहतें पाणी आणि खडकाळ तळ लागतो. पावसाळा सरून पाणी निवळलें म्हणजे नदीच्या जुन्या डोहांत तो अजून एखादे वेळीं कोळ्याच्या जाळ्याला लागतो.